डोक्यावरच्या खुणा

काकूला सुटा धागा सहन होत नसे. कुणाच्या बाहीला दोरा लोंबताना दिसला की तिचा हात आपोआप कमरेच्या कात्रीकडे जाई. एकदा बँकेत रांगेत उभी असताना तिने काचेखालच्या फटीतून हात घालून कॅशियरच्या बाहीचा दोरा कापला होता. कॅशियरने आभार मानले, आणि दुपारी त्याची बाही उसवली. पण ती शिवणाऱ्याची चूक, कापणाऱ्याची नव्हे, असं काकूचं मत होतं, आणि ते तिने दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सांगितलंही होतं.

अशा बाईला धंदाही तसाच मिळाला होता. तिच्या धाकट्या दिराचा, म्हणजे भाऊजींचा, भरतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा म्हणून कारखाना. खाली एक लांबट खोली, वर पोटमाळ्याएवढी दुसरी, आणि मधे असा उभा जिना की त्यावरून उतरणारा माणूस पडत नाही ना हे बघायला खालचे सगळे काम थांबवत. डॉक्टरांचे कोट, बेकरीवाल्यांचे ॲप्रन, शाळांचे गणवेश यांच्या खिशावर नावं भरून द्यायची, हे काम. नाव वरच्या खोलीत संगणकावर टाइप व्हायचं, तिथून खालच्या मोठ्या मशीनमध्ये उतरायचं, मशीन ते कापडावर भरायचं, मशीनवरून कापड काकूच्या मांडीवर यायचं, आणि तिथून इस्त्रीखाली.

काकूचं काम उलट बाजूचं. भरतकाम म्हणजे पुढून लग्नाचा मांडव आणि मागून खरकटी भांडी. एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारताना मशीन मागे दोरे सोडतं, गुंता करतं, बारक्या गाठी टाकतं. काकू कापड उलटं करून त्या सगळ्याचा निकाल लावायची. कात्रीने कापायचं, चिमट्याने ओढायचं, ब्रशने झाडायचं, की पुढचा. इस्त्रीही उलट्या बाजूनेच व्हायची, कारण सुलट बाजूने केली तर भरलेलं अक्षर चपटं होतं. ती भाऊजी स्वतः करत आणि कोट तसेच आतली बाजू बाहेर ठेवून घडी घालत, म्हणजे पांढऱ्याला डाग नको. त्यामुळे मशीनवरून उतरलेलं नाव सुलट बाजूने पुन्हा बघायचं ते गिऱ्हाइकानेच. आजवर त्यात काही बिघडलं नव्हतं. खिशांवरची नावं सगळी मोठ्या रोमन अक्षरांत असत, आणि त्या अक्षरांच्या डोक्यावर कधी काही नसे.

मशीन चालवणाऱ्याला सगळे सावकाश म्हणत. कारण त्याला काहीही सांगितलं तरी तो ‘सावकाश’ असंच उत्तर द्यायचा. त्याचं लक्ष धागा तुटतो की नाही यावर. मशीन काय लिहितंय ते त्याने कधी वाचलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

वरच्या खोलीतली खुर्ची मात्र वादात होती.

आधी तिथे कुणी कायम बसत नसे. बाजारातला एक संगणकवाला यायचा, नावं टाइप करून द्यायचा आणि जाताना काहीतरी बिघडवून ठेवायचा, म्हणजे पुन्हा बोलावणं येईल. मग भाऊजींची मुलगी शिक्षण संपवून घरी आली. तिला सगळे छोटी म्हणत, जरी ती आता बापापेक्षा हातभर उंच होती. छोटी लहान असतानाच तिची आई गेली, आणि तेव्हापासून काकूनेच तिला वाढवलं. छोटी म्हणाली, “वरचं काम मी करीन.”

भाऊजी म्हणाले, “तू काउंटरवर बस. गिऱ्हाइकाशी गोड बोलायला माणूस हवंय.”

“मला गोड बोलता येत नाही.”

“ते खरंय,” भाऊजी म्हणाले, आणि विचारात पडले. त्याच सुमाराला नव्या बाल इस्पितळाची ऑर्डर आली. तिथे देशोदेशीचे डॉक्टर आणि परिचारिका येणार होत्या, आणि सगळ्यांच्या कोटांवर नावं हवी होती. भाऊजी म्हणाले, “ही ऑर्डर नीट गेली तर वरची खुर्ची तुझी. बिघडली तर खुर्ची संगणकवाल्याची आणि तू काउंटरवर. गोड बोलायचं शिकून घ्यायचं.”

भाऊजींचा शब्द म्हणजे लोखंडाचा खिळा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूने त्या दिवशी कात्रीला धार लावून आणली.

सुरुवातच वाकडी झाली. इस्पितळाने नावांची फाईल पाठवली. छोटीने ती उघडली, तर आडनावांच्या मधोमध प्रश्नचिन्हं उभी. तिने इस्पितळात फोन केला. तिथला कारकून म्हणाला, “आमच्याकडे अगदी बरोबर दिसतायत, बाई.” छोटी विचार करत बसली, पण फाईल तोवर खाली उतरली होती, आणि मशीनचा स्वभाव सावकाशसारखाच. विचारायचं नाही, भरायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोटांच्या खिशांवर निळ्या धाग्याची प्रश्नचिन्हं भरून झाली. काकूने कोट उलटे केले, तर प्रत्येकावर एक सुटी गाठ. तिने त्या काढल्या, भाऊजींनी इस्त्री केली, खोकी गेली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून फोन.

“आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या आडनावात गळ अडकलाय.”

“गळ?” भाऊजी म्हणाले.

“मासे पकडायचा असतो तो.”

भाऊजी जिना चढून वर आले आणि धापा टाकत म्हणाले, “छोटे, गळ कसला?”

“प्रश्नचिन्ह असेल, बाबा.”

“मग त्याच्या खालचा ठिपका कुठे गेला?”

“मशीनने खाल्ला असेल.”

मशीन खातं हे सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं, म्हणून ठिपक्याचा विषय तिथेच मिटला.

छोटी दोन दिवस नीट जेवली नाही. काकू चहा घेऊन वर गेली, तर ही पडद्यासमोर केस धरून बसलेली.

“काय झालं ते मला सांग,” काकू म्हणाली. “मला कळणार नाही, पण सांग.”

“फाईल एका पद्धतीने लिहिलेली असते, काकू. आपला संगणक ती दुसऱ्या पद्धतीने वाचत होता. आता योग्य पद्धत निवडली. हे बघ.”

काकूने वाकून बघितलं. अक्षरांच्या डोक्यावर काही काही होतं. कुणाच्या डोक्यावर दोन ठिपके, कुणावर तिरपी काडी, कुणावर छपरासारखं काहीतरी.

“हे असं त्यांच्यात असतंच?”

“असतंच. ते काढलं तर नाव चुकतं.”

“मग हे फार महत्त्वाचं आहे,” काकू म्हणाली.

“हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.”

काकू खाली आली आणि सावकाशला दम दिला. “हे बघ, या वेळेला अक्षरांच्या डोक्यावर खुणा आहेत. एकही सुटता कामा नये. पोरीच्या खुर्चीचा प्रश्न आहे.”

“सावकाश,” सावकाश म्हणाला.

पण खुणा अजून मशीनपर्यंत पोचायच्या होत्या. इस्पितळात रोज नवी माणसं दाखल होत होती आणि त्यांची नावं कागदावर हाताने लिहून येत होती. ती टाइप करायची, तर कीबोर्डवर तसल्या कळाच नाहीत. छोटीने संगणकाला एक परदेशी कीबोर्ड जोडला, म्हणजे खराखुरा नव्हे, आतल्या आत, सेटिंगमध्ये. कळा त्याच, पण दाबलं की त्या देशात जे उमटतं ते उमटायचं. त्यात खुणा मिळाल्या, पण बाकीच्यांनी जागा सोडली. दोन अक्षरांनी आपसात अदलाबदल केली. स्वल्पविराम भलतीकडे गेला. छोटीने कागदाचे चौकोन कापून कळांवर चिकटवले. मग दुसऱ्या देशाच्या डॉक्टरांसाठी कळांची दुसरी मांडणी आली, आणि त्या चौकोनांवर दुसरे चौकोन चढले. थोड्याच दिवसांत कीबोर्ड जखमी माणसासारखा दिसायला लागला.

एका मांडणीवरून दुसरीवर जायला दोन कळा एकदम दाबायच्या असत. त्या दोन कळा भाऊजींच्या जाड अंगठ्याखाली नेमक्या एकदम यायच्या. ते पावती टाइप करायला वर येत, अर्ध्यात मांडणी बदले, आणि उरलेली पावती परदेशात जाई.

“छोटे, हे बिल कुठल्या भाषेत चाललंय?”

“तुम्ही काही दाबलंत का?”

“मी टाइप करतोय म्हटल्यावर दाबणारच ना काहीतरी! न दाबता येतं का?”

सगळ्यांत कोडं होतं ते एका कळीचं. ती दाबली की पडद्यावर काहीच होत नसे. छोटीने ती पुन्हा पुन्हा दाबली, तर एकदम दोन खुणा कोऱ्या जागेवर येऊन पडल्या, खाली अक्षर नाही, काही नाही. संध्याकाळी तिला उलगडा झाला आणि ती ओरडतच जिना उतरली. खालचे सगळे काम थांबवून उभे राहिले.

“काकू! ती कळ गप्प राहायचीच असते! आधी खूण दाबायची, तेव्हा काही दिसत नाही. ती वाट बघते. मग अक्षर दाबलं की दोघं एकदम येतात.”

“अगं, मग यात नवीन काय?” काकू म्हणाली. “सुई खाली जाते तेव्हा तरी टाका कुठे दिसतो? वर आली की दिसतो.”

छोटीने तिच्या गळ्यात हात टाकले. काकूने तेवढ्यात तिच्या कॉलरचा एक दोरा कापून घेतला.

तरीही संपलं नव्हतं. टाइप करण्याच्या प्रोग्रामात नाव झोकात उभं राही, पण तेच भरतकामाच्या प्रोग्रामात नेलं की खुणेच्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन. त्या प्रोग्रामातल्या अक्षरांना खुणा शिकवलेल्याच नव्हत्या. छोटीने मग शेवटचा उपाय केला. साधं अक्षर घेतलं आणि त्याच्या डोक्यावर ठिपके, काड्या, छपरं स्वतः काढून बसवली, एकेक टाका मोजून. मशीन आधी सगळं आडनाव भरणार, आणि शेवटी उडी मारून परत येऊन वरच्या खुणा भरणार. तिने नमुना कागदावर छापून सगळ्यांना दाखवला. भाऊजींनी चष्मा लावून पाहिला आणि “हं” म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘हं’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

दुसरी खेप निघाली त्या दिवशी काकू देवाला हात जोडूनच कामाला बसली. आज तिच्या हातून एक धागा राहून चालणार नव्हतं. पोरीने एवढं केलं, आता शेवटचा हात आपला. तिने पहिला कोट उलटा घेतला, बोटाने चाचपला आणि कपाळाला आठी घातली.

“अरे, आज तुझं मशीन फार गाठी सोडतंय.”

“माझं मशीन गाठी सोडत नाही,” सावकाश म्हणाला.

“मग या काय आकाशातून पडल्या? नाव संपल्यावर उडी मारलेला दोरा आणि त्याच्या टोकाला गाठी. बघ, दोन-दोन!”

सावकाशला राग आला. त्याने मशीन थांबवून तेल घातलं, सुई बदलली, ताण कमी-जास्त केला. गाठी येतच राहिल्या. काकूने दोरा कापला, चिमट्याच्या टोकाने गाठी उचकटल्या, मागच्या मागे अलगद ओढून घेतल्या, भोकं बुजावीत म्हणून नखाने कापड घासलं, ब्रश फिरवला. एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला, पण तिने कुरकुर केली नाही. उलट तिला बरं वाटलं, की बरं झालं आपण होतो, नाहीतर असला माल गेला असता आणि बोल पोरीला लागला असता.

इस्पितळातून फोन आला. गळ गेले, त्याबद्दल आभार. पण खुणा कुठे आहेत?

भाऊजी वर गेले. छोटीने पडद्यावर दाखवलं, खुणा होत्या. कागदावर छापून दाखवलं, होत्या. भाऊजींनी खाली येऊन फोन उचलला आणि संगणकवाल्याला बोलावलं.

तो बॅग घेऊन आला, छोटीच्या खुर्चीवर बसला, कीबोर्डवरचे चौकोन बघून हसला आणि म्हणाला, “मालक, हे पोरखेळ आहेत. असल्या अक्षरांना बाहेरचाच कीबोर्ड लागतो.”

“खुणा पडद्यावर दिसतायत,” छोटी म्हणाली. “म्हणजे कीबोर्डचा प्रश्न संपला.”

“दिसणं वेगळं आणि असणं वेगळं,” संगणकवाला म्हणाला. हे वाक्य त्याने याआधी बऱ्याच ठिकाणी वापरलं असावं. मग त्याने छोटीने जमवलेल्या सगळ्या मांडण्या पुसल्या, दुसरंच काहीतरी घातलं, आणि तो गेल्यावर कुठलंही अक्षर दाबलं तरी आकडे उमटायला लागले. ते सगळं जागेवर आणायला छोटीला एक आख्खा दिवस गेला.

भाऊजी जेवताना म्हणाले, “एक खेप आणखी बघतो. मग सोमवारपासून तो बसेल.”

काकूने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हटलं, “भाऊजी, पोरीची चूक कुठे दिसली तुम्हाला?”

“चूक दिसत नाही, वहिनी, हीच तर चूक आहे.”

तिसऱ्या खेपेला छोटी स्वतः मशीनशी उभी राहिली. पहिल्या कोटावर नाव भरलं, मग सुई उडी मारून परत आली, आणि दोन ठिपके टच्च उभे राहिले. तिने सावकाशला दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मशीनचं लिहिणं वाचलं आणि “बरं दिसतंय” म्हणाला. छोटीचा जीव भांड्यात पडला. ती वर गेली. काकूने कोट मांडीवर घेतला, उलटा केला, आणि मनात म्हणाली, देवा, या गाठी काही पाठ सोडत नाहीत.

फोन आला. खुणा नाहीत.

आता प्रकरण शास्त्राबाहेर गेलं. पडद्यावर होत्या, कागदावर होत्या, मशीनवर दोघांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कोटावर नव्हत्या. भाऊजी टेबलावर हात आपटून म्हणाले, “त्यांची धुलाई!”

“काय?” छोटी म्हणाली.

“इस्पितळ आहे. जंतू मरावेत म्हणून उकळत्या पाण्यात धुणार. सोडा घालणार. बारीक टाके त्यात गळून जातात. आपला काय दोष?”

त्यांनी वर जाऊन स्वतःच्या हाताने इस्पितळाला चांगलं खरमरीत पत्र टाइप केलं आणि पाठवून दिलं. अंगठा नेहमीच्या जागी पडला होता. इस्पितळाचं उत्तर आलं, की शब्द कळले नाहीत, पण राग कळला. आमच्या एक डॉक्टर स्वतः येतील.

त्या शनिवारी आल्या. उंच, पिकल्या केसांच्या परदेशी बाई. हातात कोट, अजून घडी न मोडलेला. आपली भाषा त्या तुटक बोलत, पण न अडखळता; चालणाऱ्याने काठी टेकावी तसा एकेक शब्द टेकत.

“हा धुतला नाही,” त्या म्हणाल्या. “घातला पण नाही. वास घ्या.”

भाऊजींनी वास घेतला. त्यांच्याच इस्त्रीचा होता.

“इथे दोन ठिपके पाहिजेत. नाहीत. दोन ठिपके फार नाही. पण माझे आहेत.”

“बसा,” भाऊजी म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “छोटे! यांच्यासमोर एक कोट कर. पहिल्यापासून शेवटपर्यंत. झाला तर झाला, नाहीतर सोमवारी तो येतो.”

छोटीचा चेहरा पडला. काकूला तो बघवेना. तिने आपल्या स्टुलाशेजारची खिडकी सताड उघडली, कात्री पदराला पुसली, चिमटा पुसला, आणि ठरवलं की आज असा कोट साफ करायचा की परदेशातल्या बाईने घरी जाऊन सांगावं.

डॉक्टरीणबाई छोटीमागे जिना चढून वर गेल्या. छोटीने त्यांच्यासमोर नाव टाइप केलं. गप्प बसणारी कळ दाबली, अक्षर दाबलं, ठिपके आले. बाई म्हणाल्या, “हां! आमच्याकडे पण कळ तिथेच आहे.” दोघी खाली आल्या. सावकाशने कोरा कोट चौकटीत ताणून बसवला. मशीन सुरू झालं. काकू सोडून सगळे भोवती उभे. अक्षरामागून अक्षर भरत गेलं, मग सुई मागे आली आणि दोन ठिपके पडले. एक. दोन. बाईंनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी ‘हं’ केलं. छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

सावकाशने चौकट सोडली, कोट काढला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने न बघता उजवीकडे हात लांबवला. काकूने कोट घेतला. उलटा केला. बोटाने चाचपला. कच्. चिमट्याने एक ओढली, दुसरी ओढली. नखाने घासलं. ब्रश मारला. कोट सुलटा केला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि हसून म्हणाली, “घ्या, बाई. एक धागा सापडला तर नाव बदलीन.”

सगळे कोटाकडे बघायला लागले.

“सावकाश!” सावकाश ओरडला, पण उशीर झाला होता.

काकूने सगळ्यांची तोंडं बघितली, मग त्यांच्या नजरेच्या रोखाने कोटाकडे बघितलं. आडनाव होतं. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. मग तिने आपल्या तळहाताकडे बघितलं. तिथे दोन निळ्या गाठी होत्या.

ती खाली वाकली. स्टुलाखाली महिनाभराचा झाडलेला कचरा एका कोपऱ्यात साठला होता. सफाई तिची, आणि ती ऑर्डर संपल्याशिवाय कचरा टाकत नसे. त्यात ठिपके होते, काड्या होत्या, छपरं होती. अख्ख्या इस्पितळाच्या खुणा तिथे झोपलेल्या होत्या.

“आई गं,” काकू म्हणाली.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले. “महिना झाला. मी लोकांच्या धुलाईवर आळ घेतला.”

“तो तुम्ही घेतलात. मी नव्हता सांगितला.”

“तुम्हाला खुणा माहीत नव्हत्या?”

“माहीत होत्या. सगळ्यांना मीच बजावत होते. पण त्या पुढच्या बाजूला. माझ्याकडे मागची बाजू येते. मागून खूण आणि गाठ यांच्यात काय फरक, ते तुम्ही सांगा.” तिने कोट उलटा करून त्यांच्या नाकासमोर धरला. भाऊजींनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि फरक सांगितला नाही.

छोटी भिंतीला टेकून उभी होती. ती हसतेय की रडतेय हे तिलाही सांगता आलं नसतं. काकूला तिच्याकडे बघून लाज वाटली. पोर रात्रंदिवस खुणा लावत होती आणि आपण पाठोपाठ उपटत होतो, तेही तिच्याच भल्यासाठी. कान धरून उभं राहावं असं तिला वाटलं. पण लाजेबरोबर दुसरंही काही तिच्या डोक्यात आलं, आणि ते आधी बोलायला हवं होतं. तिने पदर खोचला.

“भाऊजी, चूक माझी. पुरी माझी. सगळ्यांच्या देखत सांगते. म्हणजे पोरीची नव्हती. बरोबर?”

“बरोबर.”

“पडद्यावर बरोबर, मशीनवर बरोबर. तुम्हीच आत्ता बघितलंत.”

“बघितलं.”

“मग खुर्ची कुणाची? पाहुण्या बाईंसमोर बोला.”

भाऊजी इकडेतिकडे बघायला लागले. शब्द म्हणजे लोखंडाचा खिळा असला तरी तो उलट्या बाजूनेही टोचतो. “पण ऑर्डर नीट गेली नाही ना,” ते पुटपुटले.

“गेली नाही, कारण मी कापली. मला तिथे कुणी बसवलं? तिने?”

डॉक्टरीणबाईंना सगळं कळलं असेल असं नाही, पण त्या म्हणाल्या, “मुलगी चांगली. माझ्या देशात पण सगळ्यांना ती कळ सापडत नाही.”

भाऊजींनी खिशातून फोन काढला, संगणकवाल्याला लावला आणि म्हणाले, “सोमवारी येऊ नको. नाही, सगळं ठीक आहे. नाही, मंगळवारीही नको.” मग फोन ठेवून काकूकडे वळले. “खुर्ची तिची. आता तुमच्या स्टुलाचं काय करायचं?”

“स्टूल माझं आहे,” काकू म्हणाली. “घरून आणलंय.”

भाऊजींनी इस्पितळाला फोन लावला आणि सगळे कोट परत पाठवा म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा कोट पुन्हा चौकटीत गेला. या वेळी तो मशीनवरून निघाला तो छोटीने स्वतः घेतला, नमस्कार करून बाईंच्या हातात दिला, आणि बाई आतून लोंबणाऱ्या दोऱ्यासकट तो घालून गेल्या. काकू खिडकीतून तो कोट रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिली. हातात कात्री होती. ती जागची हलली नाही, आणि हे तिला जड गेलं.

सोमवारी छोटी वरच्या खुर्चीवर बसायच्या आधी खाली आली. आता ती जबाबदार बाई होती, आणि तसा आवाज तिने काढला.

“काकू, आजपासून नियम. अक्षराच्या वरचं काही कापायचं नाही.”

“उलट्या बाजूने वर कुठलं आणि खाली कुठलं, पोरी? सावकाश देतो तेव्हा कोट आडवासुद्धा असतो.”

“मग खालचंही कापू नकोस.”

“मग मी करू काय? पापड लाटू?”

छोटीने विचार केला. “शंका आली की विचार. विचारल्याशिवाय कापू नकोस.”

“कुणाला विचारू?”

“मला. वरच्या खोलीतलं काम माझं, तेव्हा खुणांचा निर्णयही माझा.”

हे काकूला अगदी न्यायाचं वाटलं. ती स्टुलावर बसली. इस्पितळातून परत आलेल्या कोटांचा ढीग मशीनशी होता. सावकाशने पहिला भरून दिला. काकूने उलटा केला, चाचपला, आणि मान वर करून हाक दिली, “छोटे!”

छोटी जिना उतरून आली. खालचे सगळे काम थांबवून उभे राहिले. तिने बघितलं. “ती खूण आहे. राहू दे.”

ती वर जाऊन बसते न बसते तोच, “छोटे!”

“आलेऽ!” ती उतरली. “हा साधा दोरा आहे, काकू. काप.”

“बघ हं. नक्की?”

“नक्की.”

“लिहून देतेस?”

“काकू!”

“नाही, म्हणजे एकदा झालंय म्हणून विचारलं.”

जेवणापर्यंत छोटीचा तो जिना इतक्यांदा चढून-उतरून झाला, की खालच्यांनी काम थांबवायचं सोडून दिलं. भाऊजी इस्त्री फिरवत एकाग्रतेने दुसरीकडे बघत होते. दुपारी चहाच्या वेळी पुन्हा हाक गेली. मग जिन्याच्या तोंडाशी छोटीचे पाय दिसले, आणि त्यांच्या वर कपाळाचा घाम पुसणारी ती.

“काकू, तू माझी खोडी काढतेयस का?”

“मी?” काकू म्हणाली. तिने कोट उंच धरला, कात्रीचं टोक एका निळ्या गाठीला लावलं आणि वर बघत थांबली. “खुर्चीवर बसायचं म्हणजे हे आलंच, बाळ. हा कापू?”